उन्हात ठेवलेली गिटार

बब्रुवान अणदूरच्या भजनी मंडळाचा ढोलकीवाला. कडबा कापायच्या यंत्रात, कडबाकुट्टीत, उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि दवाखान्यातून घरी आल्यावर त्यानं पहिलं काम काय केलं, तर ढोलकी मंडळातल्याच लिंबाजीच्या घरी नेऊन दिली. रविवारी भजनाला तो जायचा, पण देवळाच्या पायरीवर, चपलांशेजारी बसायचा. आत बोलावलं तर म्हणायचा, "हितं वारं चांगलं लागतंय."

त्याची लेक शिवांजली धाराशिवला कॉलेजात शिकायची. सुट्टीत ती गिटार घेऊन आली. घरात कुणी नाही असं बघून बब्रुवाननं ती मांडीवर घेतली. डावा हात धड होता, पण उजव्यात तार छेडायची नखी ठरेना. निसटून गिटारीच्या पोटात पडायची, मग तो गिटार उलटी धरून हलवायचा.

"अप्पा, बोरं पाडायलाव का?" दारातून शिवांजली म्हणाली.

तो ओशाळला. "ठेवतो, माय."

"ठेवू नका. हितं बोट दाबा."

सुट्टी संपल्यावर गिटार ती त्याच्यापाशीच ठेवून गेली. नखी रबरानं बोटाला बांधून तो एकच भजन घोटत बसला. बायको हरणाबाई वैतागली, "तुमच्या ह्या वाजवण्यानं म्हैस पान्हा चोरायली!"

मंडळात गायचा आणि पेटी वाजवायचा तो गुरुसिद्धप्पा. त्याच्या कानावर गेलंच. "रविवारी आण तुझं ते इलायती तुणतुणं," तो म्हणाला. "बेसूर वाजवलंस तर परत पायरीवर!"

शनिवारी शिवांजलीनं धाराशिवहून येऊन तारा सुरात लावून दिल्या. बब्रुवानला ते जमत नव्हतं. रविवारी दुपारी मात्र त्यानं सवयीनं गिटार पत्र्यावर उन्हात ठेवली. भजनाआधी कातडं ताणून सूर चढावा म्हणून ढोलकी तो तशीच तापवायचा.

देवळात पहिलाच हात मारला आणि पेटीशी सूर जुळेना. तारा ढिल्या पडून सगळ्याच खाली उतरल्या होत्या.

"उन्हात ठिवली व्हय?" लिंबाजीनं विचारलं.

"ढोलकी ठेवायचो तशीच."

सगळे हसले. बब्रुवानही हसला आणि गिटार उचलून पायरीकडं निघाला.

"बस खाली," गुरुसिद्धप्पा म्हणाला.

"बेसूर झालीय, अण्णा."

"आज पेटीच बेसूर हाय." त्यानं पेटीचा भाता मिटला, झाकण लावलं. "छेड."

बब्रुवाननं तार छेडली. गुरुसिद्धप्पानं डोळे मिटून गुणगुणत आपला आवाज हळूहळू तिथवर खाली आणला. लिंबाजीनं कड्या सैल करून ढोलकीही उतरवली. भजन सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला नखी उडाली, तरी बब्रुवान नुसत्या बोटानं छेडत राहिला.

भजन संपल्यावर गुरुसिद्धप्पानं विचारलं, "फुडलं कुठलं येतंय?"

"एवढं एकच येतंय, अण्णा."

"मग हेच म्हणू परत."