नवरदेवाची जागा

कुरखेड्याकडच्या त्या गावात ख्रिस्त राजाचा रविवार आला की प्रार्थनाघरापुढं जांभळाच्या डहाळ्यांचा हिरवा मांडो पडे, अन् त्यात मांडलेल्या वेदीजवळ एक खुर्ची रिकामी राही. खुर्ची बांबूची, सोमारीच्या हातची. ही रीत तिनंच पाडली होती. तिचा नवरा बल्लारपूरले कामाले गेला अन् तिकडंच दुसरी करून बसला. मंग शेजारणीनं तिले प्रार्थनेले नेलं. ख्रिस्त राजा आहे, मंडळी, म्हणजे त्याले मानणारे सारे लोक, त्याची नवरी आहे, अन् हा नवरदेव नवरीले टाकत नाई, एक दिवस तिले न्याले येणार आहे, एवढं तिनं आयकलं अन् घट्ट धरून ठेवलं. नवरदेव येणार म्हटल्यावर त्याची जागा मांडून ठेवा लागते. तिथं दुसरं कोणी टेकत नाई, नवरदेवाचा बापही नाई.

यंदा पाळक नवे होते, प्रफुलभाऊ. शहरातल्या एका साहेबानं प्रार्थनाघराच्या अर्ध्या छपराचे टिन दिले होते, उरलेले देणार होता. त्याले त्यांनी पाहुणा म्हणून बोलावलं. सोमारी चुलीपासून हात पुसत आत आली, त साहेब खुर्चीत! गळ्यात हार, हातात मोबाइल. तिच्या अंगाची लाही लाही झाली.

"साहेब, उठा जी. नवरदेवाची जागा आहे ते."

साहेब हसला. "मावशी, मी त्याचाच सेवक."

"सेवक आहा त चटईवर बसा. वऱ्हाडी नवरदेवाच्या जाग्यावर बसते का?"

बायका पदराआड खुसखुसल्या. पाळक धावत आले. "सोमारीबाई, चूप बसा! पाहुण्यासमोर मंडळीची इज्जत घालवून राह्यल्या तुमी."

"मी घालवून राह्यली?" सोमारी कडाडली. "मंडळी नवरी होय म्हणून तुमीच शिकवता ना जी? मंग भर मांडोत नवरीच्या बाजूले परका बाप्या कोणं बसवला? टिन दिले म्हणून? तिच्या नवरदेवानं तिच्यासाठी हातापायात खिळे ठोकून घेतले! इचारा यायले, एक तरी सोसते का?"

 साहेब उठला, हार खुर्चीवर फेकला अन् गाडीकडं चालू लागला. पाळक त्याच्यामागं.

म्हातारा लटारू कुरकुरला, "आता बाकीचे टिन कोण देईन, पोरी?"

"गळू द्या, भाऊ. भिजून गाऊ."

तिनं हार नेऊन गाईपुढं टाकला. ओल्या फडक्यानं खुर्ची खसाखसा पुसली. राग उतरला नव्हताच. त्याच रागात तिनं गाणं उचललं, अन् पाळकाची वाट न पाहता मंडळीनं तिच्या आवाजात आवाज मिसळला.