कमी मारलं म्हणून जिंकला

आमच्याकडं माणूस खेळाडू आहे की नाही हे ठरवायला कुठलं सर्टिफिकेट लागत नाही. कान बघतात. कुस्तीत कान चुरगळलेले, मोडून गोळा झालेले असले की समोरचा उठून बसायला जागा देतो. माझ्या लग्नाच्या बैठकीत सासऱ्यांनी माझ्या वडिलांचे आधी कान बघितले आणि मग पत्रिका. वडील सांगलीत शाळामास्तर. त्यांचे कान अगदी सरळ, चष्म्याच्या काड्या टेकायला सोयीचे. आमच्या घराण्याबद्दल मामंजींचं मत त्याच दिवशी पक्कं झालं, आणि ते त्यांनी पुढं कधी बदललं नाही.

मामंजींचे स्वतःचे दोन्ही कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे. कऱ्हाडपासून सांगलीपर्यंतच्या यात्रांची मैदानं त्यांनी मारलेली. पोरगंही तालमीत घातलं होतं. पण मिसरूड फुटायच्या आत ते पोरगं मलकापूरला कुस्तीला जातो म्हणून सांगून परस्पर सैन्यभरतीच्या रांगेत उभं राहिलं आणि निवडलंही गेलं. तेच आमचे सुभेदार. माझा नवरा. छाती ताठ, मिशी ताठ आणि कान दोन्ही शाबूत. घरातली सगळी भानगड त्या शाबूत कानांची.

पेन्शनवर घरी आले तेव्हा सुभेदारांनी एक ट्रंक आणली, एक रेडिओ आणला आणि खांद्याएवढी उंच एक पिशवी आणली. पिशवीत लोखंडी डोक्याच्या काठ्या. शेजारच्या तात्यांनी विचारलं, "ही हॉकी हाय का?" दुसरा म्हणाला, "आरं दांडू हाय की गड्या. सुभेदार, विटी कुठं ठिवलीया?" मामंजींनी एक काठी उचलली, हातात तोलून बघितली आणि परत ठेवून दिली. "म्हशी हाकायला बरी हाय," म्हणाले आणि अंघोळीला गेले.

तर ही गोल्फशी आमच्या घराची पहिली ओळख.

ते हा खेळ शिकले कसे, तर एका छावणीत साहेबलोकांचं मैदान राखायची ड्यूटी लागली होती. राखता राखता कुणा साहेबानं हातात काठी दिली. पुढं पुढं हे साहेबांनाच हरवायला लागले. साहेबांना हरवायचं आणि प्रमोशनही घ्यायचं, हा माझ्या मते खरा खेळ. पण त्याबद्दल सुभेदार काही बोलायचे नाहीत. बोलायचे ते टोला कसा गेला, वारा कुठून होता, चेंडू किती हातांवर थांबला. मी भाकरी थापताना ऐकायची.

आणि उगाच कशाला खोटं बोलू, मलाही तो खेळ वाटत नव्हता. मी शाळेत खो-खो खेळलेय. माझ्या गुडघ्यांवर अजून खुणा आहेत. लग्न ठरताना त्या खुणांचं काय झालं, तर सासूबाईंनी एवढंच विचारलं, "लहानपणी पडलीबिडलीस का गं?" बाईच्या खेळाला तेवढाच मान. असो. पण खो-खोत निदान कुणीतरी मागं लागतं, दम लागतो, बरगडीत कळ येते. इथं आपणच चेंडू लांब भिरकावायचा आणि आपणच तो शोधत हिंडायचं. आमच्याकडं ह्याला खेळ म्हणत नाहीत. म्हैस सुटली म्हणतात.

गावाचं म्हणाल तर गाव खेळाच्या बाबतीत फार कडक. शर्यतीत पळतात बैल आणि गुलाल पडतो मालकाच्या अंगावर, तो खेळ. क्रिकेटमध्ये एक जण दिवसभर कुंपणाजवळ उभा राहून शेंगा खातो, तोही खेळ. कॅरमच्या उद्घाटनाला तर आमदार येतात आणि हार घालून घेतात. फक्त माझा नवरा भर उन्हात मैल मैल चालून आला की तो रिकामटेकडा.

पाण्याच्या टाकीमागं आमचा माळ आहे. खडकाळ, पेरायच्या कामाचा नाही. सुभेदारांनी तिथं आपलं मैदान केलं. गवत कापायला मेंढरं होतीच, तीही बिनपगारी. खड्डे पाडून त्यात दूध पावडरचे रिकामे डबे पुरले आणि डब्याशेजारी माझ्या जुन्या साडीचे झेंडे लावले. रोज सकाळी टोपी घालून जायचे आणि परत आले की ओसरीवर बसून मला मोठ्यानं हिशेब सांगायचे. आज अमुक टोल्यांत संपवलं, आज तमुक. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. मला सांगायला तेवढा मोठा आवाज लागतच नव्हता. आवाज पलीकडं बाजेवर बसलेल्या मामंजींसाठी होता.

बापानं एकदा म्हणावं, हा खेळ आहे. बस्स. बाकी त्यांना काही नको होतं. पेन्शन होती, ऊस होता, पोरं आपापल्या वाटेला लागलेली. आणि ह्या वयात, नातवंडं झाल्यावर, हा मिशीवाला माणूस बापाच्या एका शब्दासाठी ओसरीवर ओरडत बसायचा. मला राग यायचा. आधी नवऱ्याचा, मग सासऱ्याचा. मामंजींचे गुडघे गेलेले, छातीत धाप लागायची, आता किती दिवसांचे सोबती ते दिसतच होतं. देऊन टाकावा की एक शब्द! पदरचं काय जाणार होतं? पण नाही. मामंजी कानावर हात न ठेवता बहिरे व्हायचे.

मग माजी सैनिकांची कुठलीशी स्पर्धा झाली आणि सुभेदार पहिले आले. कप घेऊन आले. गावातल्या पोरांना फ्लेक्स लावायला निमित्तच हवं असतं. लागला स्टँडवर फ्लेक्स. सुभेदारांचा टोपीतला फोटो, मागं वाघ, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'गल्फ स्पर्धेत प्रथम क्रमांक, हार्दिक अभिनंदन'.

दुसऱ्या दिवसापासून घरी माणसांची रीघ. मला वाटलं, चला, गावाला अक्कल आली. चहा टाकला. एक जण म्हणाला, "सुभेदार, पोराचा पासपोर्ट काढलाय. तेवढं गल्फचं बघा की. डायवरचं काम आसलं तरी चालंल." दुसऱ्याला मेव्हण्याला पाठवायचं होतं. सुभेदार बिचारे प्रत्येकाला समजावत होते की गल्फ नव्हे, गोल्फ. त्यावर एक म्हातारा म्हणाला, "व्हय व्हय, तिकडंच. पगार कसा हाय?"

संध्याकाळी घर रिकामं झाल्यावर सुभेदारांनी कप मामंजींच्या बाजेवर ठेवला. मामंजींनी तो उलटासुलटा करून बघितला.

"कुनाला पाडलंस?"

"पाडायचं नसतं आबा ह्यात."

"मग जितलास कसा?"

"सगळ्यांपेक्षा कमी टोले मारले."

मामंजींनी कप खाली ठेवला. मग माझ्याकडं वळले. "सूनबाई, आयकलंस का? कमी मारलं म्हणून जिंकला. ह्या हिशेबानं आपला गडी तर जगात पयला यायला पायजे. त्यो तर खोऱ्याला हातच लावत न्हाई."

मी हसले. हसू आलंच मला, काय करू? पण सुभेदार कप उचलून आत गेले आणि त्यांनी तो कपाटात साड्यांच्या मागं ठेवला. त्या रात्री जेवताना मिशी खाली आली होती. तेव्हा मला मामंजींचा असा काही संताप आला की वाटलं, भांडावं. पण मोडक्या कानाच्या माणसाशी भांडून काय उपयोग, त्याला ऐकायला येतं ते त्याला हवं तेवढंच.

सुभेदारांचं ओसरीवरचं ओरडणं त्यानंतर बंद झालं. माळावर जात, येत, गप्प बसत. घर शांत झालं आणि मला ती शांतता अजिबात आवडली नाही.

अशात एका दिवशी फोडणीला तेल घ्यायला गेले तर डबा रिकामा. शेंगदाण्याचं, घाण्यावरचं तेल. विचारलं तर आमचे सुभेदारसाहेब म्हणतात, माळावर ओतलं. माझं डोकंच फिरलं. जेवणं चालू असतानाच मी तोंड सोडलं. "माणसं तेल पोटात घालतात, अंगाला लावतात, देवापुढं जाळतात. आमच्या घरचा शहाणा मातीत ओततो! कालवून कालवून लावतो म्हणे मातीला!"

सुभेदार खाली मान घालून म्हणाले, "डब्याभोवतीची जागा सपाट लागती. गवत टिकत नसंल तिथं वाळूत तेल कालवून थापत्यात. छावणीत गाड्यांचं जळकं तेल असायचं. आपल्याकडचं संपलं, म्हणून..."

"मातीत तेल?"

मामंजींचा घास हातातच राहिला होता.

"व्हय आबा."

"निस्तं तेल? ताक न्हाई?"

"न्हाई."

"हळद? लिंबू?"

"आबा, ते तालमीच्या मातीला..."

"माती मातीच आसती, येड्या. निस्त्या तेलानं दगड हुतोय तिचा. उद्या मला घिऊन चल."

माझ्या तेलाचं कुणी नावच काढलं नाही. कुस्तीच्या हौदातली लाल माती मळायची म्हणजे त्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरवायचं, आणि मामंजींनी ते काम उभा जन्म केलेलं. पोरगं काय खेळतंय ह्याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पण आपल्या रानात चुकीची मळलेली माती आहे म्हटल्यावर त्यांना झोप येणं शक्य नव्हतं.

सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत प्लास्टिकची खुर्ची ठेवून आम्ही त्यांना माळावर नेलं. उतरल्या उतरल्या त्यांनी झेंड्याकडं बघितलं नाही, काठ्यांकडं बघितलं नाही. वाकता येत नव्हतं तरी वाकले, चिमूटभर माती घेतली, बोटांत चोळली, नाकाला लावली. "श्या!" म्हणाले. एवढं बोलून त्यांनी माझ्याकडं ताकाची मागणी नोंदवली. घागरभर.

त्या आठवड्यात माझ्या घरातलं ताक, हळद आणि परड्यातली लिंबं सगळी गोल्फला गेली. मामंजी खुर्चीत बसून हुकूम सोडायचे आणि सुभेदार मातीत गुडघ्यावर बसून कालवायचे. सगळ्या सैन्यात असं मैदान कुठं नसेल. ताकाच्या वासानं गावातली कुत्री आली आणि रात्रभर मैदान चाटून गेली. सकाळी पुन्हा थापलं. बाप लेकाला "दाबून, दाबून, जीव गेला का हाताचा" असं ओरडत होता, आणि लेक न बोलता दाबत होता. मी ताकाचं भांडं घेऊन उभी. कधी नव्हे ते मी तोंडातून एक वाकडा शब्द काढला नाही.

माती मामंजींच्या मनासारखी झाली तेव्हा उन्हं कलली होती. त्यांनी खुर्ची डब्याजवळ ओढायला लावली. "हां. आता दाव, ह्यात करतोस काय ते."

सुभेदारांनी चेंडू ठेवला. डबा समोर, फार तर दोन पावलांवर. इतक्या जवळून तर मीही पायानं ढकलला असता. "हे सोप्पं हाय आबा. शेवटचा टोला. हळूच ढकलायचं," ते म्हणाले, आणि काठी धरून उभे राहिले. उभेच राहिले. मला आधी वाटलं, नेम धरतायत. मग बघितलं तर काठी चेंडूमागं टेकवत होते, उचलत होते, परत टेकवत होते. सीमेवर उभा राहिलेला माणूस. कानामागून घाम निघाला आणि शर्टात गेला. मामंजी पुढं झुकून, दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून बघत होते.

चेंडू निघाला. डब्याच्या काठावर गेला, काठाकाठानं फिरला आणि बाहेर येऊन थांबला.

सुभेदारांनी बुटाच्या टोकानं काठावरची माती दाबून बघितली.

"माती जरा ओली हाय," सुभेदार म्हणाले. "ताकामुळं..."

"मातीला नावं ठिवायची न्हाईत!" मामंजी खुर्चीतून अर्धे उठले. "माती चांगली हाय. तू हरलास. सपशेल हरलास."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांनी आलात, बसलात, बघितलंत, आणि तोंडातून निघालं काय तर हे? चांगलं सुनवावं म्हणून मी पुढं झाले, आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघून जागच्या जागी थांबले. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि माणूस हसत होता. मिशीसकट हसत होता.

"व्हय आबा," ते म्हणाले. "हरलो."

म्हैस शोधताना कुणी हरत नाही. रिकामटेकडा हिंडणारा हरत नाही. हरायला खेळच लागतो, हे त्या दोघांना कळलं होतं आणि शहाणी मी ताकाचं भांडं घेऊन मध्ये उभी होते.

मामंजी पुन्हा खुर्चीत बसले. "मग रडतोस कशाला मुडद्या?" ते म्हणाले. "उचल चेंडू. परत मार."