कोळीवाड्याच्या बावीचा कौल

देवाने माझे ऐकले असे लिहिताना मला संकोच वाटतो. कारण त्या दिवशी मी त्याच्याशी नीट बोललोच नव्हतो, भांडलो होतो. जे घडले ते घडले तसे सांगतो. कोणाला पटवण्याची उमेद आता माझ्यात राहिलेली नाही.

ज्या कॉलेजात शिकलो त्याच कॉलेजात मी बी. ए. होताच ट्यूटर म्हणून चिकटलो. तर्कशास्त्र शिकवायचे, वसतिगृहावर नजर ठेवायची आणि उन्हाळ्याच्या सुटीत सेवामंडळाची मुले घेऊन कुठल्यातरी गावी जायचे, असे तिहेरी जू मानेवर आले. विद्यार्थी असताना मला सेवेचे भारी वेड. शिकलेल्या माणसाने खेड्यात जाऊन राबले पाहिजे, असे मी सभेत उठून सांगे आणि टाळ्या घेई. आता टाळ्या दुसरे घेत, आणि फुटलेल्या कंदिलाच्या काचा व हरवलेल्या वहाणा माझ्या वाट्याला येत. मुले तर अशी, की कपाळाला हात लावावा! एकाने कोळीवाड्यात जायला टेनिसची रॅकेट घेतली होती, दुसऱ्याने सुवासिक तेलाच्या तीन बाटल्या. पट्ट्या आणि मलमांची पेटी मात्र वसतिगृहाच्या ओसरीवरच राहिली. देवाचे म्हणाल तर संध्या केव्हाच सुटली होती. घरी गेलो की आईसाठी देवाला हात जोडायचे, एवढाच आमचा संबंध.

त्या वर्षी थळ आणि मुरुडच्या दरम्यान एका कोळीवाड्यात पटकी लागल्याची बातमी आली आणि प्रिन्सिपॉलसाहेबांनी आम्हाला पिटाळले. आगबोटीतून पडावात आणि पडावातून कमरभर पाण्यात उतरून आम्ही संध्याकाळी किनाऱ्याला लागलो. वाड्यात पाच माणसे गेली होती. पाणी भरणाऱ्या बायकांत जिचा शब्द चाले त्या हौसाबायचा मुलगा चार दिवसांपूर्वी गेला होता, आणि आता तिची सून अंथरुणाला खिळली होती.

सगळा वाडा एका बावीचे पाणी पिई. तिच्यात लाल औषध टाकायचे, हे आमचे पहिले काम. मी दुसऱ्याच दिवशी उजाडता उजाडता मुलांना उठवले. गावच्या पंचांना भेटावे, दोन शब्द बोलावेत, हे मला सुचलेसुद्धा नाही. विनायक नावाचा इंटर सायन्सचा मुलगा म्हणाला, "सर, थोडीच पूड पुरे. पाणी जेमतेम गुलाबी व्हायला हवे." मी त्याच्यावर खेकसलो, "इथे माणसे मरताहेत आणि तुला चिमटीचा हिशेब सुचतो?" आणि अख्खा डबा मीच बावीत रिकामा केला. विज्ञानाचे ओ की ठो कळत नसताना! पाणी आमसुलाच्या सारासारखे लालभडक झाले.

तेवढ्यात हौसाबाय बायकांना घेऊन पाण्याला आली. तिने आत डोकावले आणि हंडा खाली ठेवला. "काय केलाव हे, मास्तर? आमची बाव बाटवलाव!"

मी जंतूंवर व्याख्यान दिले. आवाज चढवून दिले. ती शांतपणे म्हणाली, "तुजे जंतू तुला दिसतान. आमाला रगात दिसतंय." आणि सगळ्याजणी खाडीकडे वळल्या. तिथे वाळूत खणलेला एक डबरा होता. त्याच्याच वरच्या अंगाला आजाऱ्यांचे कपडे धुतले जात. त्या डबऱ्यातून भरलेला एकेक हंडा म्हणजे मरण होते, आणि ते मरण मी त्यांच्या घरी पाठवत होतो. पटकीने जे साधले नसते ते मी पदवी घेऊन एका सकाळीत साधले. मुले माझ्याकडे बघत होती. मी विनायकवरच ओरडलो, कारण त्याचे बरोबर होते.

दुपारपर्यंत मी घरोघर जाऊन समजावले, विनवले, चिडलो. शेवटी गावदेवीचा म्हातारा भगत म्हणाला, "देवीला कौल लावू. ती व्हय बोलली तर पिऊ." देवीच्या दोन खांद्यांवर ओली करून एकेक कळी चिकटवायची, उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "आणि गाऱ्हाणं घालायचं कोणी?" मी विचारले. भगत म्हणाला, "ज्यान केलाय त्यान."

मी तर्कशास्त्राचा शिक्षक! अनुमानाचे प्रकार शिकवणारा माणूस अंगावर घागर ओतून, ओल्या पंचाने एका शेंदरी दगडापुढे उभा राहिला, आणि मागे माझेच विद्यार्थी हसू दाबत होते. रागाने माझे कान तापले. मी सुरुवात केली, "हे देवी, पटकी हा रोग दूषित पाण्याने पसरत असल्यामुळे..." भगताने मला थांबवले. "मास्तर, देवीला शालत घातलाव काय?" लोक हसले. मी कसेबसे गाऱ्हाणे संपवले. कळ्या लागल्या. सगळे बघत बसले.

कळी पडेना. उजवीही नाही, डावीही नाही. तासभर गेला. मी मनात देवीला नाही नाही ते बोललो. नकार दे, पण बोल तरी एकदा! तेवढ्यात हौसाबायच्या शेजारणीची हाक आली, सून पाणी मागते आहे. हौसाबाय उठली आणि रिकामा हंडा घेऊन खाडीकडे निघाली.

मी धावत जाऊन तिच्या वाटेत उभा राहिलो. सांगण्यासारखे सगळे सकाळपासून सांगून झाले होते. हात आपोआप जोडले गेले. "बाय, चूक माझी आहे. तुमची बाव, आणि मी तुम्हाला विचारलं नाही. औषधही जास्त टाकलं. पण त्या डबऱ्याचं पाणी तिला देऊ नका." आणि देवळाकडे वळून, खरे सांगायचे तर दातओठ खाऊनच, मी म्हणालो, "आता तुला काय करायचं ते कर. माझ्याच्यानं होत नाही." त्यापूर्वी आयुष्यात मी कोणापुढेही असे म्हटले नव्हते. म्हणताना रडू आले आणि त्याचीही चीड आली.

त्याच वेळी बावीकडून बादली आपटल्याचा आवाज आला. एक अनोळखी मुसलमान तांडेल, पांढऱ्या दाढीचा, बावीच्या कठड्याशी उभा होता. त्याचा मचवा भरतीबरोबर पाणी भरण्यासाठी किनाऱ्याला लागला होता. गावात काय चालले आहे याची त्याला गंधवार्ता नव्हती. आम्ही सगळे तिकडे धावलो. भगत ओरडला, "पिऊ नका, चाचा!" तोवर त्याने ओंजळ तोंडाला लावली होती. भर उन्हात पाण्याचा लाल रंग उतरून फिकट गुलाबी झाला होता. सकाळपासून तिथे कोणी फिरकलेच नव्हते, म्हणून ते कोणाला ठाऊक नव्हते.

"का नको?" तो मिशा पुसत म्हणाला. "लाल दवा हाय ना ही? बसऱ्याला मरी लागली तवा आमच्या पिंपान हीच टाकीत. तीन म्हयने पियालो. अल्लाच्या मेहेरबानीनं तुमच्या म्होरं उभा हाय."

हौसाबायने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. आणि तिने हंडा बावीत सोडला. तिच्या मागे दुसरीने. विनायक हौसाबायच्या मागून पळाला, पाणी उकळून द्या म्हणून सांगायला.

भगत देवळात परत गेला आणि तळहात पुढे धरून बाहेर आला. त्यावर उजवी कळी होती. डावी अजून जागच्या जागी होती. "कदी पडली?" कोणीतरी विचारले. तो म्हणाला, "कोन होता बगाला? सगली बावीवर."

त्यानंतर वाड्यात दोन माणसे गेली. ती आधीच हाताबाहेर होती. नवे कोणी पडले नाही. हौसाबायची सून तिसऱ्या दिवशी उठून बसली आणि तिने पेज मागितली. तांडेलाचे नाव विचारायचे राहून गेले. मचवा भरतीला आला, उन्हाने रंग उतरला, वाऱ्याने कळी सुटली, असे सगळे मला वर्गात फळ्यावर मांडून दाखवता येईल. मी मांडत नाही. निघताना ओला पंचा खांद्यावर टाकून मी देवीपुढे बराच वेळ डोके टेकून होतो, आणि या खेपेला मागे कोणी हसले नाही.

मी पडावात चढत असताना हौसाबाय म्हणाली, "दवा चांगली हाय तुमची. पन आदी इचारायचा व्हता."

अजून दर सुटीत मुले घेऊन मी किनाऱ्यावरच्या गावांना जातो. माझा स्वभाव बदललेला नाही; रॅकेटी अजून येतात, पेट्या अजून विसरतात, मी अजून ओरडतो. पण पहिल्या दिवशी मी कोणाला कामाला हात लावू देत नाही. मुले कुरकुरतात, "सर, एक दिवस फुकट गेला." मी त्यांना घेऊन पाणवठ्याजवळ नुसता बसतो. कधी दुपार होते, कधी संध्याकाळ. मनातल्या मनात देवीला सांगतो, बाई, माझ्याच्याने होत नाही, तू बघ. मग हंडा घेऊन आलेली एखादी बाय थांबते आणि विचारते, "कशाला आलाव रं तुमी?"

उजवी कळी पडली, असे समजून मी उठतो.