डाव्या मॉनिटरवरचा पाहुणा

आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि गाडीवर एक ओरखडा उमटू दिला नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही, वैतागून सांगते. कारण ह्या एका गोष्टीवर घरात दिवसाआड भाषण होई. एकही मूल पडलेलं नाही, एकही आरसा फुटलेला नाही, आणि निवृत्तीपर्यंत तसंच राहणार, हा त्यांचा पण. निवृत्तीला अकरा महिने उरले होते.

सकाळची फेरी आटोपून साडेआठला घरी यायचे, दुपारच्या फेरीसाठी एक वाजता निघायचे. मधला वेळ रिकामा. पूर्वी त्या वेळात माझ्या स्वयंपाकात नाक खुपसायचे. मग जावयाने आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला, त्यात विमान उडवायचा खेळ होता, आणि माझी सुटका झाली. ‘खेळ’ म्हटलेलं त्यांना खपत नसे. “सिम्युलेटर म्हण,” म्हणायचे. बघता बघता एका मॉनिटरचे तीन झाले: एक समोर, दोन दोन्ही बाजूंना, पार कानापर्यंत वळवलेले. मागच्या खोलीचे पडदे ओढायचे, दिवा मालवायचा आणि मधोमध बसायचं. समोर धावपट्टी, बाजूच्या मॉनिटरांत खिडक्यांबाहेरचं आभाळ.

सुरुवातीला खरोखरच बिघाड होता. तिन्ही मॉनिटर तीन दुकानांतले. डोंगराची रेघ एकावरून दुसऱ्यावर जाताना तुटायची, डावीकडचं चित्र अडखळायचं. ह्यांनी वही केली. पद्धत गॅरेजमध्ये शिकलेली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय झालं ते वेळ घालून लिहायचं, फरक पडला नाही तर जुनं परत जागेवर. नऊ दिवसांनी सापडलं. डावा मॉनिटर सेकंदाला बाकीच्या दोघांपेक्षा कमी वेळा चित्र बदलत होता. तिघांचा वेग सारखा केला आणि डोंगर सलग झाला. त्या दिवशी स्वारी अशी मिरवत होती की विचारू नका. वही उशाशी घेऊन झोपले. इथेच नडलं, असं मला आता वाटतं.

मग एका मंगळवारी मागच्या खोलीतून हाक आली. “अगं, इकडे ये. डावीकडे बघ, कुणीतरी आहे.”

मी पाहिलं. स्वच्छ निळं आभाळ.

“कुठे काय?”

“तसं नाही दिसायचं. मी समोर पाहत असलो की डाव्या टोकाला काळं काहीतरी उभं राहतं. मान वळवली की जातं.”

“अहो, आज विमान गवतात उतरवलंत ना? नाचता येईना अंगण वाकडं!” मी म्हटलं आणि हसले. पण त्यांनी समोरची नजर काढली नव्हती, आणि चेहऱ्यावर हसू नव्हतं.

त्याला त्यांनी नाव ठेवलं, पाहुणा. वहीत नोंदी सुरू झाल्या. ‘१०.४०. पाहुणा आला. डावी-उजवी केबल बदलली. पाहुणा डावीकडेच.’ ‘११.१५. डावा मॉनिटर उजवीकडे लावला. पाहुणा डावीकडेच.’ जावयाला फोन झाला. तो म्हणाला, “बाबा, ग्राफिक्स कार्डावर ताण येत असेल. ढग, सावल्या कमी करून बघा.” ह्यांनी सावल्या घालवल्या, ढग घालवले. पाहुणा राहिला. मग नवं कार्ड आणलं, सगळं सॉफ्टवेअर पुसून पुन्हा भरलं. पुढच्या नोंदीत लिहिलं होतं, ‘आभाळ निरभ्र ठेवलं आहे, तरी पाहुण्याच्या कडेला वीज चमकते.’

मला त्यांनी खुर्चीत बसवून पाहिलं. पंधरा मिनिटं मी समोर टक लावून बसले. काही नाही. “तुला सवय नाही,” म्हणाले. मी वाद घातला नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण केर काढायला त्या खोलीत गेले की मी दार सताड उघडं ठेवी आणि डावीकडे पाठ करीत नसे.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी उडणंच सोडलं. विमान धावपट्टीच्या तोंडाशी उभं करायचं आणि नुसतं समोर बघत बसायचं, तो येण्याची वाट पाहत. एकदा मी चहा घेऊन त्यांच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिले. मिनिटभर उभी होते. त्यांना पत्ताच नाही. “अहो,” म्हटलं तर असे किंचाळले की कप माझ्या हातून सुटला.

“त्या बाजूने येत जाऊ नकोस,” म्हणाले. “तिथे तो असतो.” आणि मग हळूच, “वाढलाय तो.”

तेव्हाच कळायला हवं होतं. नाही कळलं. मला वाटलं, माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला. भीती वाटत होती आणि रागही येत होता, आणि दोन्हींत मी गप्प बसले. ह्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी, हे दाढी करत असताना, मी वही उघडली. शेवटच्या पानावर केबल नव्हती, कार्ड नव्हतं. लिहिलं होतं: ‘सकाळी ७.१०. तिसरा थांबा. दाराशी पाहुणा. मान वळवली, गेला. मुलं चढली.’ त्याच्या वर आदल्या दिवशीची तशीच नोंद. त्याच्याही वर. एकूण चार.

क्षणभर मला खरंच वाटलं, तो मशीनमधून बाहेर पडून ह्यांच्या मागे बसमध्ये चढला. मग डोकं चालू लागलं. मॉनिटर बदलला, केबल बदलली, कार्ड बदललं. माणूस बदलला तो एकदाच, मी बसले तेव्हा, आणि मला स्वच्छ दिसलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि बसचं दार डावीकडे. मुलं तिकडूनच चढतात.

साडेबारा वाजले होते. हे बुटांची नाडी बांधायला बसले होते. मी मागे उभी राहिले आणि त्यांच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

“काय चाललंय तुझं?”

“समोर बघा. काय दिसतं?”

नाडी हातात तशीच.

“कपाटाचं अर्धं दार,” शेवटी म्हणाले. “बाकी सगळा तोच.”

“बसमध्येही दिसला, वहीत लिहिलंत. मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर बस गेली असती. अकरा महिने राहिलेत गं.”

“आणि मुलं?”

त्यांनी माझा हात डोळ्यावरून काढला. उठले, फोनपाशी गेले, शाळेला फोन लावला. आवाज नेहमीचाच, फेरीला उशीर होणार असला की लावत तसा. “गाडीत काही बिघाड नाही. मला डाव्या डोळ्याने दिसत नाही. दुसरा माणूस बघा, आणि एकच्या आत बघा. नाही, आजच्यापुरतं नाही.”

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी तपासलं. डोळ्याच्या आतलं पटल सुटत आलं होतं. पहिल्या आठवड्यात आला असतात तर बरंच वाचलं असतं, म्हणाले. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. नंतर काही दिवस सतत पालथं झोपायचं, मान खाली, कारण डोळ्यात भरलेला हवेचा बुडबुडा पटलाला जागेवर दाबून धरतो. शाळेतून फोन आला. सगळी मुलं ठीक आहेत, काका कधी येणार म्हणून विचारतात. मी निरोप दिला.

तिसऱ्या दुपारी मी त्यांच्या पायाशी बसले होते. ते जमिनीकडे तोंड करून म्हणाले, “अगं, तिसऱ्या थांब्यावर मी मान वळवली तेव्हा तिथे कुणी नव्हतं.”

“हो. वाचलं मी.”

“पण वळवायच्या आधी? तेव्हा होतं का गं कुणी चाकाजवळ?”

“नाही हो,” मी म्हटलं. “कुणी नव्हतं.”

त्या बसमध्ये मी आयुष्यात कधी चढलेली नाही.