प्लग काढू नये

बुधवारी सकाळी माझा नवरा गेला. दुपारी त्याच्या भावाने टीव्ही बंद केला, देवघराचं दार लावलं आणि कपाटाखालच्या कॉम्प्युटरचा प्लग भिंतीतून काढला.

त्या प्लगला पांढरी चिकटपट्टी लावलेली होती. तिच्यावर नवऱ्याच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘काढू नये.’ तो शाळामास्तर होता. फळ्यावर लिहायचा तसंच चिकटपट्टीवरही लिहायचा, शिरोरेषा सरळ आणि शेवटी पूर्णविराम.

दिराची त्यात काही वाईट भावना नव्हती, हे मला पहिल्या दिवसापासून सांगितलं जात आहे. आमच्याकडे मयताच्या घरात आवाज करणारी वस्तू चालू ठेवत नाहीत. चूल पेटत नाही, रेडिओ वाजत नाही, भिंतीवरच्या घड्याळाचे ठोकेसुद्धा काही घरांत बंद करतात. मी खोलीच्या कोपऱ्यात बसले होते. आमच्या सिंदेवाही गावातल्या अर्ध्या बायका तिथे होत्या. त्यांच्यातली एक म्हणाली, “काय घरघरून राह्यलं व कपाटाखाली?”

“कॉम्पुटर हाय बाई दादाचा,” दीर म्हणाला.

“बंद कर ना बापा. माणूस निघून गेला अन् मशीन चालूच.”

मी ऐकलं. “थांबा” हा एक शब्द पुरला असता. पण तेव्हा माझ्या तोंडात शब्दच नव्हता, आणि त्याबद्दल मी स्वतःला दोष देणार नाही. नवऱ्याला पांढऱ्या कपड्यात गुंडाळत होते. अशा वेळी बाईने कॉम्प्युटरकडे लक्ष ठेवायचं नसतं. लक्ष ज्यांनी ठेवायचं, त्यांना वाचता येत होतं.

ते यंत्र काय होतं ते सांगायला हवं. एका कचेरीने लिलावात काढलेला जुना डेस्कटॉप नवऱ्याने आणला होता. पुठ्ठ्याच्या खोक्यात, पत्र्याला पोचे, आत धुळीची जाड गादी. त्याने ती ब्रशने काढली, मेमरी वाढवली, मोठी हार्ड डिस्क बसवली. स्क्रीन नव्हता, कीबोर्ड नव्हता. नुसता डबा, घरच्या इंटरनेटला जोडलेला, चोवीस तास चालू. तो त्याला सर्व्हर म्हणायचा. सुरुवातीला मला हसू यायचं, कारण त्या डब्यावर मी तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्यांचं ताट ठेवत असे.

त्या डब्यात गाणी होती. धानाची रोवणी करताना चिखलात वाकून बाया म्हणतात ती, दिवाळीनंतर गावात दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, उभी राहते तिची, जात्यावरची, मांडवातली. सुट्टीच्या दिवशी तो मोटरसायकलवर मूल, सावली या तालुक्यांकडे, पार वैनगंगेपलीकडे गडचिरोलीच्या गावांत जायचा आणि म्हाताऱ्यांसमोर बसून रेकॉर्ड करायचा. प्रत्येक गाण्याआधी तो गावाचं नाव सांगायचा, बाईचं नाव सांगायचा आणि म्हणायचा, “सांगा जी बाई, तुमच्याच आवाजात.” मग ती गायची. मधे दम घ्यायला थांबली की तो “हं” म्हणायचा, म्हणजे ऐकतो आहे, पुढे चला.

गाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी आता नाहीत. त्यांच्या घरच्यांना त्याने फोनवर त्या गाण्याची लिंक पाठवली होती. आपल्या आईचा आवाज कधीही ऐका. मी विचारलं होतं, हे सगळं मोठ्या कंपन्यांच्या जागेत का नाही ठेवत, लोक तिथेच ठेवतात. तो म्हणाला, “आपलं धान दुसऱ्याच्या ढोलीत काऊन ठेवायचं? उद्या त्यानं दार लावलं तर?”

दार घरातूनच लागलं.

दहाव्यानंतर सावलीकडच्या एका बाईचा फोन आला. “गुरुजी गेले म्हणून आयकलं, लय वाईट झालं जी. एक विचारू का? मायचं गाणं लागून नाई राह्यलं फोनवर.”

मी प्लग लावला. पंखा फिरला, थांबला, पुन्हा फिरला, आणि आतून तीन वेळा ‘टी’ असा आवाज आला. नवरा असं झालं की मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने पुसायचा. मीही पुसले. शेजारच्या खोलीतला टीव्ही आणून जोडला. पडद्यावर अक्षरं आली. घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं होतं, कारण आतला बटणासारखा सेल संपला होता. तो बदलला. मग पांढऱ्या इंग्रजी ओळी आल्या. डिस्कवरची मांडणी बिघडली आहे, ती हाताने दुरुस्त करा, असा त्यांचा अर्थ होता. लिहिता लिहिता हातातून पेन हिसकावला की जे होतं, ते प्लग ओढल्यावर डिस्कचं झालं होतं. मी कशालाही हात लावला नाही. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. फाटकं पुस्तक चुकीच्या हातात दिलं की ते आणखी फाटतं, हे मला माहीत आहे.

पण दिराला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटणाऱ्या माणसाला काहीतरी करायचं असतं. मी कामावर असताना तो डबा घेऊन गेला. चंद्रपूरला त्याच्या ओळखीचं दुकान होतं. मला फोनवर सांगितलं. मी म्हटलं, “आतलं जसंच्या तसं राहिलं पाहिजे, एवढं त्यांना सांगा.” तो म्हणाला, “हो वहिनी, सांगतो ना.”

तीन-चार दिवसांनी तो डबा पुसून, चकचकीत करून घेऊन आला. टीव्हीला जोडला. पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळं आकाश.

“एकदम नवीन झालं वहिनी. विंडोज टाकून देलं त्यानं. आता तुमी यूट्यूब पाहा, भजनं आयका.”

मी विचारलं, गाणी कुठे आहेत. तो टेकडीकडे पाहत राहिला.

मी दुसऱ्या दिवशी बसने चंद्रपूरला गेले. दुकानदार माझ्याहून वयाने लहान, बोलायला गोड. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं.

“मॅडम, त्यात काईच नवतं. मी माझ्या कॉम्पुटरले लावून पाह्यलं. डिस्क एकदम खाली, रिकामा दाखवत होता. मशीनच सांगत होती ना, फॉरमॅट करा म्हणून.”

“मशीन सांगत नव्हती. विचारत होती. हो तुम्ही म्हणालात.”

तो हसला. “म्हंजे तेच ना जी.”

ते तेच नव्हतं. नवऱ्याने डिस्कवर वेगळ्या पद्धतीची मांडणी केली होती, सर्व्हरची असते तशी. ती विंडोजला वाचता येत नाही. जे वाचता येत नाही त्याला विंडोज रिकामं समजतं आणि पुसू का असं विचारतं. यंत्राचं मी समजू शकते. माणसाने, न वाचता आलेल्या गोष्टीला रिकामी म्हणू नये. धानाने पूर्ण भरलेली ढोली, दार उघडता येईना म्हणून कोणी रिकामी ठरवून पेटवून देतं का?

“गाणेच होते ना?” तो म्हणाला. “काय मनाले लावून घेता मॅडम. पेनड्राइव्हभर गाणे टाकून देतो. आपल्या झाडीपट्टीचे बी हायेत माझ्याकडं. अन् सिनेमे तं मी टाकूनच देलो त्यात, बोनसमधी.”

म्हणजे पुसून झाल्यावर वरून सिनेमेही लिहिले. मी पाणी न पिता उठले. त्या दुकानात मी ओरडले नाही. ओरडायला हवं होतं असं मला आजही वाटतं, सकाळी भांडी घासताना, ग्रंथालयात शिक्के मारताना, बसमध्ये. तेव्हा सुचले नाहीत ते शब्द आता रोज सुचतात.

आणि राग फक्त त्या दोघांवर नाही. ज्या कपाटाखाली डबा असायचा, त्याच्या वरच्या खणात मला एक नवी हार्ड डिस्क सापडली, सीलसुद्धा न फोडलेली. नवऱ्याने ती दुसऱ्या प्रतीसाठी आणली होती. सगळ्या गाण्यांची एक प्रत जवळ राहावी म्हणून. पण त्या स्वस्तातल्या डब्याच्या पॉवर सप्लायला आणखी एका डिस्कची वायर नव्हती. पॉवर सप्लाय बदलावा लागणार होता. “या सुट्टीत करतो” असं तो म्हणायचा. कोणती सुट्टी, ते त्याने सांगितलं नाही. मी ती डिस्क हातात धरून कपाटासमोर उभी राहिले आणि मेलेल्या माणसाला मोठ्याने शिवी दिली. आमच्या संसारात मी त्याला पहिल्यांदाच शिवी दिली.

त्यानंतर मी वाचायला बसले. मला तेवढंच येतं. पुसलेली डिस्क वापरायची नाही, ती चालू असताना तिच्यावर काही ना काही लिहिलं जातं, हे पहिल्याच दिवशी कळलं. मी डबा बंद केला, या वेळी नीट. नवा पॉवर सप्लाय मागवला आणि झाकणाचे स्क्रू चहाच्या बशीत ठेवून तो बसवला. नव्या डिस्कचं सील फोडलं. पेनड्राइव्हवरून डबा सुरू केला आणि जुन्या डिस्कवर उरलेलं काय ते शोधून नव्या डिस्कवर ठेवणारा प्रोग्राम लावला.

तो प्रोग्राम दिवसेंदिवस चालतो. मधे वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या जिल्ह्यात कोळसा निघतो, इथेच जळतो, त्याची राख इथल्या पत्र्यांवर बसते, वीज दूरवर जाते, आणि सिंदेवाहीत थोडं वारं सुटलं की दिवे गुल. दोनदा गेली. दुसऱ्यांदा मी भिंतीवर हात आपटला. मग इन्व्हर्टरची जड बॅटरी आणली. नवरा असता तर ती एकट्याने उचलली असती.

शेवटी गाणी आली. सगळी नाहीत. सिनेमे जिथे बसले तिथली कायमची गेली. जी आली, त्यांची नावं गेली होती. प्रोग्रामला आवाज सापडतो, नाव सापडत नाही. फायलींना नुसते आकडे. आणि एकाही तुकड्याला डोकं नव्हतं. गाणं मधूनच सुरू होतं. नवरा गावाचं आणि बाईचं नाव सांगायचा तो भाग नाही, “सांगा जी बाई” नाही. नेमका त्याचाच आवाज कापला गेला होता.

दीर पोळ्याला आला. पुरणपोळीचा डबा घेऊन आला होता. मी एक तुकडा लावून ऐकत होते. एक म्हातारी गात होती.

“वहिनी, अजून राग हाय का माह्यावर?”

“आहे.”

“मी तं दादाच्या मानासाठी बंद केलो. लोकं म्हणले असते, भाऊ गेला अन् घरात...”

“चिकटपट्टी होती.”

“वाचलो नाई मी. खरंच वाचलो नाई.”

म्हातारी दमली, थांबली. तुकड्यातून नवऱ्याचा आवाज आला, “हं.” म्हातारी पुढे गाऊ लागली.

दीर हलला. “दादा हाय हा,” तो म्हणाला. “पुन्हा लावता का?”

मी पुन्हा लावलं. त्याने गमछ्याने तोंड पुसलं. त्याला वाटलं असेल, आता वहिनीचा राग गेला. गेला नाही. मी त्याला ताट वाढलं.

सावलीच्या बाईला मी बोलावलं. ती ओट्यावर बसून तुकडे ऐकत होती. “ही नाई. ही बी नाई.” चहा गार झाला. एका तुकड्याला ती म्हणाली, “हे माय.” मी त्या फायलीला नाव दिलं. बाकीच्यांसाठी मी आता सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाते. नवऱ्याची मोटरसायकल मला येत नाही, म्हणून बसने.

डबा कपाटाखाली चालू आहे. दोन डिस्क आहेत, एकीवरचं दुसरीवर उतरतं. प्लगवर तीच चिकटपट्टी आहे. बहुतेक गाण्यांना नाव नाही. नवऱ्याचा आवाज “हं” एवढाच उरला आहे.