काकांचं खंडवा

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदुरात विजय नगरच्या सिग्नलवर होतो. त्याला आता पाच आठवडे झाले. शोकसभेत चुलतभावानं भिंतभर फ्लेक्स लावला होता : ‘महूचे सुपुत्र’. सुधाकरकाका, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, असते तर खुर्चीवर चढून त्यांनी तो दुरुस्त केला असता…

निवृत्तीनंतर ते घराण्याचा इतिहास एका वहीत लिहीत, सगळा पेन्सिलीनं. इतरांना वंशावळीत सरदार हवे होते. काकांना फक्त स्वतःचं जन्मगाव. आजोबा महूच्या छावणीत शिपाई, म्हणून पलटणीच्या कागदात महू. शाळेत घातलं तेव्हा बिऱ्हाड इंदुरात, म्हणून दाखल्यावर इंदूर. आजी मात्र शेवटपर्यंत खंडवा म्हणायची. तिला वाचता येत नव्हतं, तेव्हा आठवतही नसणार, असा घरातल्या शिकलेल्यांचा समज. "मीही हसलो रे तिला," काका एकदा म्हणाले. आई खोटी ठरून गेली, हे त्यांना खुपत राहिलं.

काकांनी जन्मनोंदीसाठी पत्रं पाठवली, खंडव्याहून दोनदा ‘नोंद नाही’ असं उत्तर आलं. मग दिवाळीत माझ्या मुलीनं, रश्मीनं, पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे येणार असं कळवलं. मी पेढे घेऊन गेलो. काका पेढा तसाच हातात धरून अस्सल इंदुरी थाटात म्हणाले, "भिया, आपण गाढव आहोत. आई काय सासरी बाळंत झाली असेल? चल खंडव्याला."

तिथल्या कारकुनानं जुनं रजिस्टर चाळून मान हलवली. "अंकलजी, आपके पिताजी के नाम से कुछ नहीं है."

"पिताजी तो महू में परेड कर रहे थे! नाना का नाम देखो."

सापडलं. आजीच्या वडिलांच्या नावाखाली, त्यांच्या घरी, त्यांच्या मुलीला मुलगा. बाळाचं नाव नाही. बारसं व्हायचं होतं. काकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही… मग माझ्याकडे पेन मागितलं.

वही आता माझ्याकडे आहे. पानंच्या पानं पेन्सिलीची, खोडलेली, पुन्हा लिहिलेली. एकच ओळ शाईची : ‘जन्म खंडवा. आई सांगायची तसं.’ पुढच्या महिन्यात रश्मी येतेय. तिच्या नावाखाली काकांनी जागा सोडून ठेवलीय. पेन मी वहीतच ठेवलं आहे.