न टिकणारा रुजू

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी पगडी उचलून उठणारा माणूस. "पंत, तुम्हाला अनुभव नाही म्हणून," असं कुणी म्हटलं, तर "आणि तुम्हाला अक्कल नाही म्हणून," असं तोंडावर सांगायचो. आज पन्नाशी उलटल्यावर तेच शब्द मलाच ऐकावे लागतील... तरी लिहितो. इतकी वर्षं गप्प बसलो, तेवढं पुरे.

पुण्यात कसबा पेठेत एका सरदाराची कचेरी होती. नाव सांगत नाही. वरच्या माडीवर, उत्तरेकडच्या खिडकीशी माझी बैठक, शेजारी विसाजीपंत. ते मजकूर लिहायचे, मी 'रुजू' घालायचो. ज्यांचा दप्तराशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो — एकाने लिहिलेला कागद दुसऱ्याने मसुद्याशी ताडायचा, मोठ्याने वाचायचा, आणि सगळं जुळलं तरच खाली स्वतःच्या हाताने 'रुजू' असं लिहायचं. त्याशिवाय दिवाणजी शिक्का उठवत नसत. मोडीत आपण शब्द तोडत नाही, सगळी ओळ एका रेघेला लटकलेली. म्हणूनच तर मोठ्याने वाचायचं. कुठे थांबायचं ते डोळ्याला कळत नाही, जिभेला कळतं.

त्या दिवशी शेजारच्या आळीत मुंजीची पंगत होती. पानं मांडून झाली होती. विसाजीपंतांनी गडाच्या हवालदाराला लिहिलेलं पत्र पुढे सरकवलं. लक्ष्मण तांबट नावाचा माणूस खोट्या साक्षीवरून गडावर अटकेत होता. चौकशीत निर्दोष ठरला, त्याच्या सुटकेचं पत्र.

"वाचताय ना?" विसाजीपंतांनी विचारलं.

"तुम्ही लिहिलंत म्हणजे झालंच की!" मी पत्रावर रुजू घातला, दप्तरात ठेवायच्या नकलेवर घातला, आणि जेवायला गेलो.

तीन आठवड्यांनी लक्ष्मणाची बायको, येसू, कचेरीत आली. "सुटका झाली म्हणता, मग आमचं माणूस घरी का नाही आलं?"

मी दप्तर बांधलेला रुमाल सोडून नक्कल काढली. पहिल्यांदाच वाचली. सुटकेबद्दल एवढी एकच ओळ होती — 'शिपायास ताकीद करणे की तांबटास वेशीपर्यंतसोडूनये.' आमच्या मनात होतं — वेशीपर्यंत सोडून ये. गडावर वाचणाऱ्याची जीभ एक अक्षर आधी थांबली असणार — वेशीपर्यंत सोडू नये!

मोठ्याने वाचलं असतं तर तिथेच अडखळलो असतो, 'सोडून देणे' असं बदलून घेतलं असतं. पण आता बोललो तर न वाचता रुजू घातल्याचं उघड होणार. बैठक जाणार, अब्रू जाणार. येसूला म्हणालो, "चौकशी करतो, बाई." केली नाही. ती दर सोमवारी येत राहिली. मी दर सोमवारी तेच सांगत राहिलो. पाच महिने.

आणि मग माझा रुजू टिकेनासा झाला.

दिवाणजींनी एक कागद परत पाठवला. "पंत, रुजू कुठाय?"

"घातलाय की."

"कुठे, मनात?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. विसाजीपंत हसले, "शाईत पाणी घालता की पाण्यात शाई?" मी त्यांची दौत घेतली, त्यांचा बोरू घेतला. त्याच शाईने माझं नाव लिहिलं — राहिलं. देवाचं नाव लिहिलं — राहिलं. 'रुजू' लिहिला, शाई टिपायला वर वाळू टाकली, आणि आम्ही दोघे भर दुपारच्या उजेडात बघत बसलो. आधी 'जू' फिकट झाला, मग 'रु'. डाग नाही, ओरखडा नाही. कागद कोरा.

विसाजीपंत हसायचे थांबले. "पंत," ते हळूच म्हणाले, "कुठे काही राहून गेलंय का?"

मी दप्तराकडे वळलो. रुमाल सोडला, तांबटाची नक्कल काढली. जवळजवळ सहा महिन्यांपूर्वीचा माझा रुजू तिथे काळाभोर, ओला. बोट लावलं — बोट काळं झालं.

तसाच उठलो. त्या बोटासकट दिवाणजींसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. मग स्वतः नवं पत्र लिहिलं. "वाचा. मोठ्याने." मी वाचलं. "रुजू मी घालतो. पत्र तुम्ही घेऊन जा. आणि पुन्हा या माडीवर येऊ नका."

कात्रजचा घाट पायी चढलो. गडावर हवालदारासमोर शब्द तोडून तोडून वाचलं. तो म्हणाला, "आम्ही तर हुकूमच पाळला, पंत." खरंच होतं.

लक्ष्मण बाहेर आला तो भिंतीला धरून. वाटभर म्हणत होता, "देवासारखे आलात, पंत." घाटात, कात्रजला, पुण्याची झाडी दिसू लागली तेव्हाही... मी गप्प राहिलो असतो तर त्याला कसं कळणार होतं? पण आता थांबायचं नाही, असं ठरवूनच निघालो होतो. त्याच्या दारात, येसूसमोर सांगितलं — न वाचता रुजू घातला तो मीच, आणि कळल्यावर गप्प बसलो तोही मीच.

लक्ष्मण खाली बसला. येसूने माझ्याकडे रोखून पाहिलं.

"वाचायला किती वेळ लागला असता?"

"विडा लावायला लागतो... तेवढा."

"बरं," ती म्हणाली, नवऱ्याला आत घेतलं आणि दार लावून घेतलं.

तो शाप होता, येसूचे तळतळाट होते, की माझंच मन — विसाजीपंतांनीही डोळ्यांनी पाहिलं होतं, तेव्हा मनाचं म्हणता येत नाही. शाईवाल्याला विचारलं, कागदवाल्याला विचारलं. आजतागायत उलगडा नाही. पुढे माझा रुजू टिकला असता का, हेही मला माहीत नाही. पुन्हा कुणी मागितला नाही, आणि मीही कधी लिहून पाहिला नाही.